घरातली दुरुस्ती स्वतः करावी की माणूस बोलवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतः केलं तर पैसे खरंच वाचतात का?

छोट्या कामात वाचतात. मोठ्या कामात बहुतेक वेळा वाचत नाहीत. पंख्याचा कपॅसिटर (मोटारीला फिरायला लावणारा छोटा सुटा भाग) शंभराच्या आत मिळतो, पण तो बसवायला माणूस आला की नुसता व्हिजिट चार्जच दोन-तीनशे होतो. इथे हिशेब सरळ आहे. उलट बाथरूमच्या टाइल्स स्वतः बसवायला घेतल्या तर कटर विकत आणा, कापताना फुटणाऱ्या टाइल्स जास्तीच्या आणा, आणि उतार चुकला की पाणी मोरीकडे न जाता दाराशी साचतं. मग तेच उखडून पुन्हा बसवायला गवंडी येतो तेव्हा तो उखडण्याचे पैसे वेगळे लावतो, आणि लावायलाच हवेत.

एक गोष्ट मात्र हिशेबात कुणी धरत नाही: वाट बघणं. "उद्या सकाळी येतो" म्हणालेला प्लंबर परवा संध्याकाळी येतो आणि तोवर घरातलं एक माणूस त्याच्यासाठी अडकून पडतं. छोटी कामं शिकून घेण्याचा मोठा फायदा हाच आहे. वाचलेले दोनशे रुपये त्यावर वरकड.

मग करायचं की नाही हे ठरवायचं कशावरून?

"मला जमेल का?" हे नंतर विचारा. आधी हे विचारा: चुकलं तर काय होईल, आणि ते मला थांबवता येईल का?

बेसिनखालचा अँगल कॉक नीट बंद होत असेल तर नळ बदलताना काहीही चुकलं तरी फार तर बादलीभर पाणी सांडेल. तोच कॉक गंजून जाम झाला असेल आणि पाणी बंद करायला गच्चीवर जावं लागत असेल, तर काम तेच असूनही ते वेगळं झालं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर आणखी वेगळं, कारण तुमची चूक खालच्यांच्या पीओपीवर उतरते. आणि जिथे चूक झाल्यावर थांबवायला तुम्हीच शुद्धीवर नसाल, म्हणजे चालू वीज, गॅस, उंची, तिथे हौस बाजूला ठेवा.

काय बिघडलंय हेच कळत नसेल तर?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. माझं मत असं की दुरुस्ती तुम्ही करा किंवा करू नका, दोष ओळखायला तरी स्वतः शिका. त्याला पैसे लागत नाहीत, धोका जवळपास नसतो, आणि माणूस बोलवायचाच झाला तर कोणता बोलवायचा हे कळतं. "काहीतरी बिघडलंय, बघून जा" असं सांगणाऱ्याचं बिल आणि "दुसऱ्या बेडरूमची लाइन चालू केली की आरसीसीबी पडतो" असं सांगणाऱ्याचं बिल सहसा सारखं येत नाही. (आरसीसीबी म्हणजे वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा मोठा स्विच.)

काही नेहमीची उदाहरणं बघू.

मिक्सर वाटता वाटता एकदम बंद पडला आणि जळका वास नाही: मिक्सर रिकामा करून उलटा करा. बहुतेक मिक्सरना तळाशी एक छोटं बटण असतं, बऱ्याचदा लाल. भार जास्त झाला की ते बाहेर येतं आणि मोटार वाचवतं. प्लग काढून, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ देऊन ते दाबलं की मिक्सर चालू. ओलं खोबरं किंवा इडलीचं पीठ जास्त भरलं की हे हमखास होतं. या एका बटणापायी कितीतरी मिक्सर दुकानात जाऊन येतात. मोटार फिरतेय पण पातं फिरत नाही, असं असेल तर खालचा कपलर झिजलाय. तो अगदी स्वस्त सुटा भाग आहे. मोटारीतून ठिणग्या जास्त दिसत असतील तर कार्बन ब्रश संपत आलेत.

फ्लशच्या टाकीतून पाणी झिरपतंय अशी शंका: टाकीत खाण्याचा रंग थोडा टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतल्या व्हॉल्व्हचा वॉशर गेलाय. रंग उतरला नाही आणि तरी टाकी सारखी भरत असेल तर फ्लोट आणि ओव्हरफ्लोकडे बघा.

आरसीसीबी वारंवार पडतो, विशेषतः पावसाळ्यात: सगळे एमसीबी (प्रत्येक लाइनचे वेगळे स्विच) खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याने तो पडेल त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा आणि पुन्हा बघा. आता पडला नाही तर दोष एखाद्या उपकरणात आहे. एकेक लावून बघितलं की चोर सापडतो, आणि तो बरेचदा गीझर निघतो. प्लग काढूनही पडत असेल, किंवा सगळे एमसीबी खाली असतानाही पडत असेल, तर दोष बहुधा वायरिंगमध्ये किंवा खुद्द आरसीसीबीत आहे. तिथे तुमचं काम संपलं. आरसीसीबी काढून टाकून थेट जोडून घेऊ नका, कुणी "त्रासच नको" म्हणून सुचवलं तरी. एमसीबी वायर वाचवतो. घरगुती ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणूस वाचवतो.

पंखा हळू फिरतो. हे मी करू शकतो का?

बऱ्याचदा हो. पंखा हळू फिरतोय, किंवा चालू केल्यावर गुणगुणतो आणि हाताने ढकलल्यावरच फिरायला लागतो, तर नव्वद टक्के संशय कपॅसिटरवर घ्या. आधी रेग्युलेटर पूर्ण पाचवर ठेवून बघा. पाचवर नीट फिरत असेल आणि बाकी आकड्यांवर नाही, तर दोष रेग्युलेटरचा.

मेन एमसीबी बंद करा, नुसता बोर्डवरचा स्विच नको. जुन्या घरांत स्विच न्यूट्रलवर बसवलेला असू शकतो, आणि मग स्विच बंद असूनही पंख्यात वीज असते. पंख्याच्या दांड्यावरची वाटी खाली सरकवली की आत दोन वायरींचा एक चपटा डबा दिसतो. तोच कपॅसिटर. त्याच्यावर २.५ मायक्रोफॅरड असं काहीतरी छापलेलं असतं. नवा तेवढ्याच आकड्याचा आणा. "जास्तीचा लावला तर जोरात फिरेल" हे ऐकायला मिळेल, पण जास्तीच्या आकड्याने वाइंडिंग (मोटारीतल्या तारेची गुंडाळी) तापतं. जुना काढण्याआधी फोनवर फोटो काढा. त्याला हात लावण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर एकदम टेकवा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. नवा लावा, जोड टेपने नीट झाका, वाटी वर सरकवून घट्ट करा.

एवढं करूनही पंखा हळूच असेल तर बेअरिंग किंवा वाइंडिंग. आणि पंखा पंधरा-वीस वर्षांचा असेल तर इथे थांबून वेगळा हिशेब करा: जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचा) पंखा ३०च्या आसपास. दिवसाला १२ तास चालत असेल तर महिन्याला १६ युनिटांचा फरक पडतो. अशा पंख्याला वाइंडिंग करून घेण्यात फारसा अर्थ नाही.

टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही ना?

नाही, तसं धरू नका. आधी तोच टेस्टर चालू असलेल्या सॉकेटमध्ये पेटतो का ते बघा, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा चालू सॉकेटमध्ये. पाच-सहाशे रुपयांचा मल्टिमीटर घेतलात तर उत्तमच.

घरचं विजेचं काम स्वतः करणं कायद्याने चालतं का?

ही रेघ कायद्यानेच छान आखून दिली आहे. वीज सुरक्षेच्या केंद्रीय नियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं जुन्याच्या जागी नवी बसवायला परवानाधारक कंत्राटदार लागत नाही. अट एवढीच की त्याने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलू नये. त्यापलीकडचं काम परवानाधारकाचंच.

व्यवहारात याचा अर्थ: ६ अँपिअरचा जळालेला स्विच काढून ६ अँपिअरचा नवा लावा, हरकत नाही. पण त्याच ६ अँपिअरच्या पॉइंटवर गीझर चालवायचा म्हणून तिथे १६चा सॉकेट लावाल तर ते दुसरंच काम झालं. २००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर घेतो आणि ३००० वॅटचा १३. सॉकेट मोठा झाला तरी भिंतीतली वायर तीच राहिली. ती प्लॅस्टरच्या आत तापत राहते आणि कुणाला दिसत नाही.

गळका नळ?

शिकायला नळाइतकं चांगलं काम नाही, फक्त एक पूर्वतयारी लागते. काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी पाणी बंद करायचा कॉक खरोखर बंद होतो का ते बघा. गच्चीवरचा जुना गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं कुणी हलवलेला नसतो. जोर लावला की त्याचं चाक हातात येतं, किंवा बंद होतो आणि पुन्हा उघडत नाही. मग तुमच्या एका नळापायी अख्खी विंग पाण्यावाचून.

कॉक ठीक असेल तर पुढचं सोपं आहे. जुन्या पद्धतीच्या, तीन-चार वेढे फिरवायच्या नळात स्पिंडलखालचा रबरी वॉशर झिजतो. तो पाच-दहा रुपयांत मिळतो. पाव वेढ्यात उघडणाऱ्या नव्या नळात सिरॅमिक डिस्कचं काडतूस असतं, ते अख्खं बदलायचं. वरचं हँडल काढलं की ते पान्याने सुटतं. दुकानात जुनं काडतूस घेऊनच जा, कारण टोकावरचे दाते आणि लांबी कंपनीगणिक बदलते.

अख्खा नळ बदलायचा असेल तर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा, नाहीतर नळ फिरवताना ती सुटून बाहेर येते. आणि घट्ट किती करायचं? हाताने बसेपर्यंत, मग पान्याने थोडंसं. "अजून जरा" करताना भिंतीतला एल्बो (पाइपचा वळणाचा जोड) तडकला तर टाइल फोडावी लागते. जुना नळ काढताना त्याचे आटे तुटून भिंतीत अडकले तर तिथेच थांबा आणि प्लंबरला फोन करा. पक्कड घालून उचकटू नका.

ठिबकणारा नळ महत्त्वाचा आहे का, अशी शंका असेल तर एक तास खाली पेला ठेवा आणि जमलेलं पाणी २४ने गुणा. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत ते उत्तर मीटिंगमध्ये वाचून दाखवण्यासारखं असतं.

गीझर, एसी, मायक्रोवेव्ह?

मायक्रोवेव्ह उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर २००० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. पंख्याच्या कपॅसिटरचा अनुभव इथे कामाचा नाही. एसीची जाळी काढून धुणं तुमचं काम, गॅस भरणं नाही. आर-३२ गॅस थोडा ज्वलनशीलही असतो. गीझरमध्ये बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर खडूसारखा थर बसतो आणि टाकीला गंजापासून वाचवणारा अॅनोड रॉड झिजतो. ते दोन्ही बदलायला माणूस बोलवा, पण बदललेला जुना रॉड मागून घ्या आणि बघा. एका वर्षात संपलेला असेल तर पुढच्या वेळी लवकर बोलवायचं, हे कळतं.

गॅसच्या शेगडीचं काय?

बर्नरची भोकं साफ करा, जोडांना साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा, केशरी नळी पाच वर्षांनी बदला. याच्या पुढे काही नाही. वास आला तर स्विच चालू किंवा बंद काहीच करू नका, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ला फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने फरशीलगत साचतो, म्हणून खालून वारा जाईल असं दारही उघडं हवं.

भिंतीला ओल आली आहे. वॉटरप्रूफ रंग स्वतः मारला तर?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. बाहेरून किंवा पाइपमधून येणाऱ्या पाण्यावर आतून रंग मारणं म्हणजे तापावर पावडर लावणं. रंग पुढच्या पावसाळ्यात पापुद्र्यांनी निघतो, सोबत पुट्टीही येते.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. ओल फक्त जून ते सप्टेंबर येते आणि दिवाळीपर्यंत सुकते? मग पाऊस, म्हणजे बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा किंवा गच्ची. बारा महिने असते? मग नळाची किंवा सांडपाण्याची लाइन. नळाची असेल तर त्या बाथरूमचं पाणी दोन-तीन दिवस पूर्ण बंद ठेवल्यावर डागाची कड आक्रसते. कड पेन्सिलने आखून तारीख लिहून ठेवा, नाहीतर "कमी झालीय" की "तेवढीच आहे" यावर घरात नुसता वाद होतो. नुसती कोंदट हवा की भिंतीतलं पाणी, हे बघायचं असेल तर फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दोन दिवसांनी थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला असतील तर खिडकी उघडी ठेवा, एवढाच उपाय.

कारण सापडलं की खर्च कुणाचा तेही ठरतं. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरचे सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकची गळती त्या सभासदाने. म्हणजे गच्चीतून येणारं पाणी तुम्ही आतून रंगवत बसलात तर सोसायटीचं काम स्वतःच्या खर्चाने करताय, तेही चुकीच्या बाजूने.

नवीन फ्लॅट आहे. किरकोळ गोष्टी स्वतःच करून टाकू का?

थांबा. रेरा (घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर मालमत्ता) कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. फोटो काढा, ई-मेलने कळवा. तुम्ही स्वतः फोडाफोडी केलीत की "हे तुम्हीच केलंत" म्हणायला त्याला जागा मिळते. वॉरंटीतल्या उपकरणांचंही तेच.

ड्रिल मशीन विकत घ्यावं का?

वर्षाला दोन फ्रेम लावायच्या असतील तर शेजाऱ्याकडून आणा. दुपारी दोन ते चार सोडून चालवा, म्हणजे पुढच्या वेळीही मिळेल. घ्यायचंच असेल तर हॅमर ड्रिल घ्या, साधं ड्रिल काँक्रीटपुढे हरतं.

भोक पाडण्याआधी भिंत कशाची आहे ते ओळखा. बिटमधून लाल भुकटी आली तर वीट, करडी आणि जोर लावावा लागतोय तर आरसीसीचा कॉलम किंवा बीम, पांढरट आणि लोण्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक. सिपोरेक्समध्ये स्क्रूसाठी भोकात ठोकायची नेहमीची प्लास्टिकची गिट्टी धरत नाही, तिथे ब्लॉकसाठीची वेगळी मिळते. टीव्ही किंवा गीझर टांगायचा असेल तर हा फरक फार महत्त्वाचा. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली, नळाच्या सरळ रेषेत भोक पाडू नका. वायर आणि पाइप बहुधा तिथूनच जातात.

रंगकाम?

दार, ग्रिल, एखादी भिंत: जरूर करा. अख्खं घर करायचं तर लांबी (पुट्टी) भरून घासण्याचं काम आठ-दहा दिवस चालतं आणि छताला मान धरते. पावसाळा संपून भिंती सुकल्याशिवाय सुरू करू नका.

अमेरिकेतला भाऊ सगळं स्वतः करतो. आपण का नाही?

त्याच्याकडे प्लंबरच्या तासाचा दर वेगळा, आणि भिंतीही वेगळ्या. तिथे लाकडी सांगाड्यावर पातळ बोर्ड असतो, कापून आत हात घालता येतो, पुन्हा बंद करता येतो. आपल्याकडे वीट, काँक्रीट आणि आत गाडलेले पाइप. एका जोडाशी पोचायला छिन्नी लागते. शिवाय तिथल्या १२० व्होल्टच्या लाइनीचे व्हिडिओ बघून इथल्या २३० व्होल्टच्या बोर्डात हात घालू नका. वायरींचे रंगही वेगळे असतात. तिकडे काळी वायर म्हणजे फेज, आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल.

आई-बाबा गावी एकटेच असतात. त्यांच्यासाठी काय करता येईल?

पुढच्या वेळी गेलात की पाण्याच्या सगळ्या कॉकना आणि एमसीबींना मराठीत चिठ्ठ्या लावा: "स्वयंपाकघर", "मोटार", "वरची टाकी". बाबांना व्हिडिओ कॉलवर निदान करता आलं की अर्धी चिंता मिटते. शिडीवर मात्र चढायचं नाही, हे आईला सांगून ठेवा. बाबांना सांगून उपयोग नसतो.

काम अर्धवट अडकलं तर कारागीर नाराज होतो का?

होतो. दुसऱ्याने उघडलेलं काम कुणालाच आवडत नाही, कारण आता दोष मूळचा की नंतरचा हे त्याला कळत नाही. सगळे स्क्रू एका डबीत ठेवा, प्रत्येक टप्प्याचा फोटो ठेवा आणि काय काय केलं ते खरं सांगा. "मी हातच लावला नाही" म्हणणारे त्याला लगेच ओळखू येतात.

सुटे भाग कुठे मिळतात?

पुण्यात विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ, इलेक्ट्रॉनिक्ससाठी लॅमिंग्टन रोड. पण नळ-पंख्यासाठी एवढं लांब जायची गरज नसते, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतं. जुना भाग खिशात घालून न्या, पुसून न्या, आणि गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारी निवांत असला की तो स्वतःच तुमचा वॉशर हातात फिरवून बघतो आणि सांगतो की दोष याच्यात नाही, आत ज्यावर तो बसतो त्या सीटला खाच पडलीय, नळच बदला.